आरास तुझ्या हातची

दादा,

तुझा टॅब्लेट आता माझ्याकडे आहे. माझ्या सईने तो तुझ्या उशीखालून काढून माझ्या हातात ठेवला तेव्हा त्याची बॅटरी उतरलेली होती, आणि खरं सांगते, मला बरंच वाटलं. आत काय आहे ते मला ठाऊक होतं. शेसव्वाशे जनावरं आत होती, आणि तू आता येणार नाहीस हे त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं.

तुला जाऊन सव्वा महिना झाला. लग्न झालेल्या बहिणीला भावाचं सुतक तीनच दिवस, असं गुरुजी म्हणाले. चौथ्या दिवशी मी न्हाले, देवापाशी दिवा लावला, कुकर चढवला. खासगी बाजारातल्या आमच्या घरापासून शिंदे की छावनीतली तुझी खोली रिक्षाने दहा मिनिटांवर. पण त्या दिवसापासून मी तिकडे फिरकले नाही. दुपारी कूलर लावून पडते. पाण्याची टपटप, जाळीतल्या ओल्या खसचा वास, डोळा लागतो न लागतो तोच तुझं अंगण समोर येतं. हिरवंगार गवत वारा नसताना हलत असतं, आकाशातले तेच चार ढग एका बाजूने जाऊन दुसऱ्या बाजूने परत येत असतात, आणि तू कुठेतरी असतोस, पण दिसत नाहीस. मग मी उठते आणि चहा टाकते.

तो खेळ तू मला इतक्या वेळा समजावलास आणि मी इतक्या वेळा ‘हो हो’ म्हणत उठून गेले, की आता मीच तुला सांगून बघते. चुकलं तर हस. इंटरनेटवरचा खेळ. सगळ्या दुनियेतले लोक एकाच वेळी खेळतात. प्रत्येकाला एक मोकळं अंगण मिळतं. तळ्याकाठी दाणे ठेवायचे, झाडाखाली अंडी उबवायची आणि वाट बघायची. मग जनावरं येतात: ससे, कासवं, मोर, साळिंदरं, आणि खेळातला पाऊस पडला तरच दिसणारं ते निळं हरीण. ती जमवायची, त्यांना नावं द्यायची, अंगणात मांडायची. आणि मग बाकीचे खेळणारे तुमचं अंगण बघायला येतात. झालं. लढाई नाही, कुणाला हरवणं नाही. खेळाचं इंग्रजी नाव तुझ्या जिभेवर कधी बसलं नाही, तू ‘अंगण’ म्हणायचास, म्हणून आम्हीही अंगणच म्हणायला लागलो.

“शकू, साळिंदर आलं!” असा तुझा पहिला फोन आला तेव्हा मी कणीक मळत होते. मी घाबरून विचारलं, “चावलं का रे?” तू इतका हसलास की तुला ठसका लागला. नंतर रोजचंच झालं ते. आज ससा, उद्या घुबड. मी म्हणायचे, रिकामा न्हावी कुडाला तुंबड्या लावी. जन्मभर सरकारी कचेरीत नकाशे काढलेस, लग्न केलं नाहीस, आणि आता म्हातारपणी काचेतली पिल्लं सांभाळत बसलास. तुला राग येत नसे, हाच माझा राग होता.

शेवटचं भांडण आठवतं? होळीच्या आधीचं. मी म्हटलं, “दादा, खोट्या जनावरांवर कसला जीव लावतोस? त्यापेक्षा एखादं खरं मांजर पाळ.”

तू स्क्रीनवरून नजर न काढता म्हणालास, “आईचा मातीचा हत्ती खरा होता का?”

“ती गोष्ट वेगळी.”

“वेगळी कशी, ते सांग.”

मी सांगितलं नाही. सांगता येत नव्हतं म्हणून नाही. ती गोष्ट निघाली की आपण दोघं जिथे जाऊन पोचणार होतो तिथे मला जायचं नव्हतं. मी म्हटलं, भाजी करपेल, आणि फोन ठेवला. भाजी झालेली होती.

आज तिथेच जायचं आहे. तू गप्प बसून ऐक, तसाही तू गप्पच असायचास.

आईचं चैत्रातलं हळदीकुंकू. मधोमध लाकडी झोपाळ्यात गौर, आणि तिच्याभोवती पायऱ्यापायऱ्यांनी उतरत येणारी आरास. मातीचे हत्ती, घोडे, वाघ, पोपट, कागदाची कमळं, आरशाचं तळं. तू दहा वर्षांचा होतास त्या चैत्रात आई तापाने पडली होती, आणि तू एकट्याने सगळं मांडलंस. मी तेव्हा चार वर्षांची. मला एवढंच आठवतं की आई पांघरूण लपेटून दारापर्यंत आली आणि चौकटीला धरून उभीच राहिली. पुढच्या वर्षीपासून आरास तुझी झाली. पण हळदीकुंकू बायकांचं. चार वाजले की आई म्हणायची, “चल नंदू, बाहेर हो आता. बायका येऊन राहिल्यात.”

तू चपला घालून निघायचास. दाल बाजारात तुझ्या वर्गमित्राच्या वडिलांचं दुकान होतं, तिथे चण्याच्या पोत्यावर बसून राहायचास. दिवेलागणीला परत यायचास तेव्हा बायका गेलेल्या असायच्या, पोरांनी वाघ उलटा केलेला असायचा, कमळं चुरगळलेली. तू ते नीट करता करता मला विचारायचास, “काय म्हणाल्या?”

मी म्हणायचे, “छान म्हणाल्या.”

दरवर्षी तोच प्रश्न, तेच उत्तर. म्हणजे बघ, तुझी आरास बघताना माणसाचा चेहरा कसा होतो हे तू कधी पाहिलंच नाहीस. फक्त आईचा पाहिलास, तोही एकदाच, तापातला.

मग माझं लग्न झालं, गावातल्या गावात. पहिला चैत्र. मला ना पुरणाची पोळी धड लाटता येत होती, ना सासूबाईंसमोर आवाज काढता येत होता. तू सकाळीच पेटी घेऊन आलास, गादीवर बसवावं तसं एकेक जनावर मांडलंस, आणि तीनच्या सुमारास घाम पुसत म्हणालास, “घे, झाली तुझी आरास.” चारला निघून गेलास, दाल बाजारातल्या त्याच पोत्यावर. बायका आल्या, दारातच थबकल्या. कुणीतरी विचारलं, “कुणी केली हो?” आणि मी तोंड उघडायच्या आत सासूबाई म्हणाल्या, “आमच्या शकुंतलेच्या हातात कला आहे.”

दादा, त्या घरात माझ्या वाट्याला आलेला तो पहिला चांगला शब्द होता. मी तो सोडला नाही. वाटलं, पुढच्या वर्षी सांगू. पुढच्या वर्षी वाटलं, आता सांगितलं तर गेल्या वर्षीचं काय. अशी चाळीस वर्षं. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात ना, तो मीच. नाग तरी गप्प बसतो. मी तर वर माहिती द्यायचे, हे तळं कसं केलं, ती कमळं कशी कापली.

आणि तो चष्म्याचा दिवस. सई तेव्हा बालवाडीत होती. तू चष्मा विसरलास आणि परत आलास, बायका भरल्या असताना. मी नेमकी सांगत होते, “दोन दिवस लागले मला. पाठ मोडली अगदी.” बोलता बोलता माझी नजर जिन्याकडे गेली. वरून तिसऱ्या पायरीवर तू उभा होतास. मी बोलायची थांबले नाही, दादा. थांबले असते तर सगळ्यांनी वळून पाहिलं असतं. तू हळूच, उलट्या पावलांनी खाली उतरलास. संध्याकाळी चष्म्याशिवायच परत आलास, डोळे बारीक करून वाघ सरळ केलास आणि विचारलंस, “काय म्हणाल्या?”

मी म्हटलं, “छान म्हणाल्या.”

त्यावर आपण कधीही बोललो नाही. तू पुढच्या वर्षी पेटी घेऊन आलास, त्याच्या पुढच्या वर्षीही आलास. मला वाटायचं, विसरला असेल. तू आजोबांनी संस्थानच्या पागेत सांभाळलेल्या घोड्यांची नावंसुद्धा विसरला नव्हतास, आणि मला वाटायचं की तू हे विसरला असशील.

कोरोनात दोन चैत्र हळदीकुंकू झालं नाही. पेटी माळ्यावर राहिली. उघडली तेव्हा ओल शिरलेली; हत्तीची सोंड तुझ्या हातात आली. तू ती बराच वेळ तशीच धरून होतास. सईने ते पाहिलं असणार, कारण आठवडाभरातच तिने तिचा जुना टॅब्लेट तुझ्या गळ्यात मारला. “मामा, इसमें एक चीज़ डाली है. तू बघ तर. भाषा हिंदी करून दिली आहे, टेन्शन नको.”

नंतर हळदीकुंकू सुरू झालं, पण आरास उरलेल्या जनावरांचीच, आणि तुझे गुडघेही जिना चढायला कुरकुरत होते. तुझी खरी आरास आता त्या काचेत होती. तिथे तू तीन पायऱ्या रचल्यास. मधोमध झोपाळा ठेवलास, रिकामा. खेळात गौर कुठून आणणार? सगळ्यात ढिम्म कासवाचं नाव ठेवलंस बिजली, कारण आजोबांच्या पागेतल्या सगळ्यात पळणाऱ्या घोडीचं नाव बिजली होतं. सईचा जीव खालीवर व्हायचा. “मामा, सजावट के मार्क्स फिर कट गए! मांडणीत काहीतरी गड़बड़ आहे तुझ्या, गेम को पसंद नहीं आ रही.” तू म्हणायचास, “कटू दे.”

आणि तू ते निळं हरीण देऊन टाकलंस तेव्हा तर तिने तुझ्याशी दोन दिवस अबोला धरला. आठ महिने पावसाची वाट बघून मिळालेलं हरीण, आणि ते तू ‘पुदीना’ नावाच्या कुणा अनोळखी माणसाला दिलंस. “लोग मरते हैं इसके लिए, आणि तू असंच देऊन टाकलंस?” तू म्हणालास, “असंच कसं? रोज येतं बिचारं. आरास बघायला आलेल्याला रिकाम्या हाताने पाठवायचं? तिथे काही हरभरे-पन्हं देता येत नाही.” येणाऱ्या प्रत्येकाला तू काहीतरी द्यायचास, निदान एक कोंबडीचं पिल्लू तरी. मला तेव्हा तुझा वेडेपणा वाटला. घरात हळदीकुंकवाच्या दिवशी मी बायकांच्या ओटीत हरभरे घालत असताना तू पोत्यावर बसलेला असायचास, हे माझ्या ध्यानातही आलं नाही.

एकदा तू म्हणाला होतास, “शकू, आज नऊ जण आले. एक जण तर अर्धा तास कासवापाशी उभा होता.”

मी म्हटलं, “उभा कसला! खेळ चालू ठेवून जेवायला गेला असेल.”

“उभा होता,” तू म्हणालास. तुझा आवाज इतका मऊ झाला होता की मी पुढे काही बोलले नाही. तेवढं एक बरं केलं.

लोक म्हणतात, काय ठेवलंय त्यात, हात लावता येत नाही, कुशीत घेता येत नाही. मीही तेच म्हणत होते. पण तुला कुशीत घ्यायचं नव्हतंच कधी. तुला मांडायचं होतं, आणि मांडून झाल्यावर कुणी चपला घालून बाहेर पाठवायला नको होतं. तुझ्या त्या प्रश्नाचं उत्तर एवढंच आहे. मातीचा हत्ती आणि काचेतलं हरीण यांत फरक नव्हता. फरक चार वाजण्याचा होता.

थंडीत खेळाकडून निरोप आला की दोन दुनिया एक होणार. खेळणारे कमी झाले होते, म्हणून तुमची दुनिया आणि आणखी एक अशा दोन्ही एकत्र करून नवी मांडणी करणार. त्या दिवशी सगळी अंगणं रिकामी होतील, जनावरं प्रत्येकाच्या कोठारात जातील. मालकाने परत येऊन महिन्याभरात अंगण पुन्हा मांडायचं. न मांडल्यास अंगण दुसऱ्याला, आणि कोठार बंद. तू मला ते वाचून दाखवलंस आणि हसलास. “शकू, आपल्या घराण्याला विलीनीकरण काही सुटत नाही बघ.”

मग पुन्हा ती आजोबांची गोष्ट, जी आपण आजोबांच्या मांडीवर हजारदा ऐकली होती. संस्थान विलीन झालं, पागेतले घोडे मैदानात रांगेने उभे केले. कुणी कुठे जायचं ते कागदावर ठरलं होतं आणि कागदावर नुसते नंबर होते. आजोबा रांगेतून चालत गेले आणि प्रत्येक घोड्याच्या कानात त्याचं नाव सांगत गेले. नव्या जागी विसरायला नको म्हणून. लहानपणी मी विचारायचे, “मग त्यांच्या लक्षात राहिलं?” आजोबा म्हणायचे, “बिजलीच्या राहिलं असेल.” त्या मैदानात मी कधी नव्हते, पण स्वप्नात कितीदा तरी पाहिलं आहे. धूळ, घोड्यांच्या श्वासाची वाफ, आणि कुजबुजत चाललेला एक म्हातारा.

त्या रात्री नाही, दुसऱ्या दिवशी तू चौकटीचा कागद घेऊन बसलास. सगळ्या अंगणाचा नकाशा काढलास, नोकरीत काढायचास तसा, टोकदार पेन्सिलीने. कुठल्या पायरीवर कोण, झोपाळ्यापासून किती घरं. म्हणजे दुनिया एक झाल्या की पुन्हा तस्संच मांडता येईल. फाल्गुन संपत आला आणि तू गेलास. तुझ्यानंतर नऊ दिवसांनी दुनिया एक झाल्या.

यंदा मी गौर बसवली, आरास केली नाही. नुसता झोपाळा, समया, आणि भोवती मोकळी भिंत. बायकांना वाटलं, दुःखात आहे. कुणी काही बोललं नाही. पन्हं प्यायल्या, कैरीची डाळ खाल्ली, ओटी घेऊन गेल्या. इंदूवहिनी तेवढ्या मागे राहिल्या. समोरच्या घरातल्या इंदूवहिनी, आता ऐंशीच्या, लग्न होऊन आले तेव्हापासून मला बघत आलेल्या. मी म्हटलं, आता यांना तरी सांगावं. वरातीमागून घोडं, पण न्यावं तरी.

“वहिनी, इतक्या वर्षांची आरास मी नव्हते करत. दादा करायचा.”

त्यांनी डाळीची वाटी खाली ठेवली. “माहीत आहे की.”

“कुणाला?”

“सगळ्यांना. अगं, तुझ्या हातची साधी रांगोळी सरळ येत नाही, ती आरास तू करशील? चार वाजता तुझा भाऊ जिन्यात भेटायचा, बोटांना रंग लागलेला. आम्ही काय आंधळ्या होऊन राहिलो होतो?”

“मग बोलला का नाहीत कधी?”

“तुला वाईट वाटलं असतं. नवीन होतीस तेव्हा. मग राहूनच गेलं.” मग त्या झोपाळ्याकडे वळल्या. “त्याला बोलले होते मी एकदा. जिन्यातच. म्हटलं, काय सुंदर करता हो तुम्ही. तर म्हणतो कसा, ‘मी नाही वहिनी, शकूची आहे. मी फक्त पेटी उचलून आणतो.’”

दादा, मी त्यांच्यासमोर रडले नाही. वाटी उचलली, नळाखाली धरली, आणि पाणी भरून वाहेपर्यंत धरून ठेवली.

दुसऱ्या दिवशी सईचा बंगळूरहून फोन आला. “आई, मामाच्या अंगणाचे लास्ट तीन दिन हैं. मी करून टाकू का? मेरे को पासवर्ड पता है.”

मी म्हटलं, “नको. मी करते.”

“तू?” ती इतकी थक्क झाली की हिंदीत घसरायचीही विसरली. मग तिने मला फोनवर धरून सगळं शिकवलं: कोठार कसं उघडायचं, बोट कसं सरकवायचं.

तुझं अंगण उघडलं, दादा. रिकामं होतं. गवत हलत होतं, तेच चार ढग. खेळात संध्याकाळ होती. तिथे कायम संध्याकाळच असते का? कोठारात तुझी सगळी जनावरं झोपली होती, पोटं वरखाली होत होती. टॅब्लेटच्या कव्हरात तू घडी करून ठेवलेला नकाशा मी मांडीवर घेतला आणि एकेकाला बाहेर काढलं. प्रत्येकाचं नाव मोठ्याने म्हटलं. गुलाब. मोहन. नीलम. बिजली. कुणी ऐकत नव्हतं, हे दुपारी झोपले होते, तरी मला लाज वाटत नव्हती. तुझ्या नकाशात प्रत्येक नावाशेजारी पेन्सिलीची एक बारीकशी रेघ होती. मला वाटलं, मोजून झाल्याची खूण असेल, कचेरीतली सवय. तीन दुपारी लागल्या. मध्येच डोळा लागायचा, जाग यायची तेव्हा मातीचा वाघ आणि काचेतला ससा यांची सरमिसळ झालेली असायची, आणि क्षणभर वाटायचं की तू आतल्या खोलीत कमळं कापतो आहेस. पाठ मात्र खरोखर मोडली. दोन दिवस लागले, पाठ मोडली, असं मी तेव्हा म्हणाले होते ना? आता कळलं.

तिसऱ्या दिवशी झालं. एकेक जनावर नकाशाबरहुकूम. मला तर हुबेहूब तुझीच वाटली. मी जरा शेफारलेच. घड्याळात पावणेचार झाले होते. चारच्या सुमारास कुणीतरी आलं. पुदीना. कोण आहे, बाई की बुवा, कुठल्या गावचं, काही कळत नाही. डोक्यावर पान असलेली एक छोटीशी आकृती. ती फाटकातून आली, पहिल्या पायरीपाशी थांबली. बराच वेळ थांबली. मग अक्षरं उमटली:

“आप कौन? यह दादाजी ने नहीं सजाया.”

तुझ्या नकाशाचं एक घर मी चुकवलं नव्हतं. एकेका बोटाने शोधून शोधून लिहिलं, “कैसे पहचाना?”

“उनके सब जानवर झूले की तरफ़ देखते थे. आज सब मेरी तरफ़ देख रहे हैं.”

मी नकाशा उचलला. ती रेघ. प्रत्येक नावाशेजारची रेघ झोपाळ्याकडे वळलेली होती. वरच्या पायरीवरच्यांची खाली, डावीकडच्यांची उजवीकडे. ती तोंडं होती, दादा. आरास गौरीसाठी असते. जनावरं तिच्याकडे बघतात, बायकांकडे नाही. म्हणून तुझे मार्क कटत होते; खेळाला तोंडं बघायला येणाऱ्याकडे हवी होती. आईच्या वेळीही असंच असणार, आणि माझ्या घरीही, चाळीस वर्षं, दर चैत्रात. मी दरवेळी त्या आराशीपुढे उभी राहून कौतुक घेतलं आणि तुझा वाघ कुठे बघतो आहे हे मी एकदाही पाहिलं नाही. मी बायकांचे चेहरे बघत होते.

मग मी लिहिलं. हिंदी आहे, हसू नकोस. “मैं उनकी बहन हूँ. दादा नहीं रहे. यह पहली बार मैंने सजाया है. इसके पहले की सब उन्होंने सजाई थीं. सब की सब.”

अंगणाच्या कडेला, फाटकापाशी, एक निळं हरीण उमटलं. तुझंच. पुदीनाने ते परत आणून ठेवलं होतं, आणि जाता जाता एवढंच लिहिलं होतं, “इसका मुँह भी उधर कर दीजिए.” मी त्याला एक कोंबडीचं पिल्लू दिलं. रिकाम्या हाताने कसं पाठवायचं?

दिवे लागेपर्यंत बसून मी एकेकाचं तोंड फिरवलं. सगळ्यात शेवटी बिजलीचं, ती वळायलाही वेळ घेते. आता सगळी झोपाळ्याकडे बघताहेत. अंगण तुझ्या नावावरच राहील, सईने तसं करून दिलं आहे. तू ये कधीही. इथे चार वाजले तरी तुला बाहेर कुणी पाठवणार नाही.

आणि आल्यावर विचारशील, काय म्हणाल्या? या वेळी खरं सांगते. म्हणाल्या, ही दादाच्या हातची नाही.